हडप्पाकालीन शंखाच्या बांगड्या : कचरा वाचायचा कसा?

चर_क्रमांक_तीन

संग्रहालयात काचेआड एक पांढरी बांगडी असते आणि खाली पाटी : 'शंखाची बांगडी, हडप्पा संस्कृती'. पाटी खरी आहे, पण ती बांगडी कुठे घडली, कुणी विकली, अर्धवट आली की तयार, यातलं काहीच त्या पाटीवरून कळत नाही. बांगडी बोटभर जागेत मावते आणि शेकडो मैल फिरते. फेकलेले तुकडे मात्र जिथे पडले तिथेच राहतात. म्हणून धागा बांगडीवर नाही, तुकड्यांवर काढतोय.

पार्श्वभूमी थोडक्यात. कच्छच्या आखाताच्या काठावर नागेश्वर (तेव्हाचा जामनगर जिल्हा) आणि बगसरा ऊर्फ गोला धोरो ही दोन ठिकाणं बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने खणली. नागेश्वरच्या टेकाडाचा बराचसा भाग बंधाऱ्यासाठी माती उपसताना आधीच गेला होता, तरी उरलेल्यात शंखकामाचा कचरा भरपूर निघाला. बगसऱ्याला तटबंदीच्या आत न फोडलेल्या शंखांचे ढीग आणि अर्धवट कापलेली कडी सापडली. काळ नागरी हडप्पा संस्कृतीचा, इ.स.पू. २६०० ते १९००.

मुख्य शंख 'टर्बिनेला पायरम', म्हणजे आपण देवघरात ठेवतो तोच. थरातून निघालेल्या तुकड्यांच्या पिशवीत हा शंख साधारण सहा रूपांत दिसतो : ठोकून फोडलेला शेंडा, आतला जाड खांब, खालची निमुळती नळी, ओठाचे (तोंडाच्या कडेचे) तुकडे, कच्चं कडं आणि घासून पुरी केलेली बांगडी, बहुधा मोडलेली. सहाही रूपं एकाच थरात असली तर तिथे शंख फुटत होता. फक्त शेवटचं असेल तर तिथे बांगडी घातली जात होती. कच्ची कडी आहेत पण शेंडे नाहीत, तर सुरुवातीचं काम दुसरीकडे झालं आणि घासकाम इथे. एवढं ढोबळ वाचन सगळ्यांना माहीत असतं. अडचण पुढे येते, कारण खांबाचे तुकडे परत वापरले जायचे (मणी, जडावाचे तुकडे), म्हणजे 'खांब नाही' याचा अर्थ 'काम नाही' असा होत नाही.

तर विचारायचंय असं : प्रत्येक टप्प्याचा तुकडा नेमका ओळखायचा कसा, मोजायचा कसा, आणि कुठे फसगत होते?

अर्धचंद्र

चांगला धागा. कामाचा क्रम सांगतो, म्हणजे कोणता तुकडा कुठून पडतो ते कळेल. हा क्रम पुरातत्त्वज्ञ जोनाथन मार्क केनॉयर यांनी प्राचीन तुकड्यांवरच्या खुणा आणि बंगालातल्या शांखारींची (शंखकाम करणाऱ्या कारागिरांची) पद्धत शेजारी ठेवून उलगडला. त्यांचा प्रबंध १९८३चा, बर्कलीचा. आजही त्यापुढे फार कुणी गेलेलं नाही, असं माझं मत.

पहिला घाव शेंड्यावर. शंख म्हणजे खांबाभोवती गुंडाळलेली पोकळी, आणि वेढ्यावेढ्यांमध्ये आतून पडदे असतात. शेंड्याला भोक पाडून टोकदार हत्याराने हे पडदे आत ठोकून मोडतात, म्हणजे शंख आतून मोकळा होतो. इथे पडतो तो शेंडा : कडा ओबडधोबड, बाहेरून आत ठोकल्याच्या खुणा, आतले पडदे मोडलेले.

मग करवत. ओठाच्या बाजूने तिरका काप घेऊन नळी आणि खांब शंखाच्या मोठ्या वेढ्यापासून सोडवतात. हाच काप सगळ्यात अवघड. जास्त आत गेला तर पहिलंच कडं उघडं पडतं, कमी गेला तर खांब निघत नाही आणि ठोकून काढावा लागतो. ठोकला की वेढ्याला तडा. कच्च्या कड्यांच्या ढिगात एका बाजूने फाटलेली कडी बरीच दिसतात, त्यातली पुष्कळ या टप्प्याची शिकार असतात.

मोकळ्या झालेल्या वेढ्याचे आडवे काप घ्यायचे, एकमेकांना समांतर. एका चांगल्या शंखातून तीन ते पाच कडी निघतात. मधली गोल आणि जाड, शेंड्याकडची लहान, नळीकडची वेडीवाकडी. त्यामुळे एकाच शंखाच्या बांगड्या एकाच मापाच्या नसतात, हे लक्षात ठेवा.

शेवटी घासकाम. कापलेल्या दोन्ही बाजू वालुकाश्माच्या सहाणेवर, आतली बाजू दांडक्यासारख्या घासदगडाने. सगळ्यात शेवटी कोरीव खूण, इंग्रजी व्ही सारखा कोन.

हा कोन हमखास एकाच जागी का असतो? शंखाचा वेढा जिथे मागच्या वेढ्याला चिकटतो तिथे कड्यावर नैसर्गिक सांधा राहतो. पूर्ण गोल बांगडीत तेवढीच जागा बेढब दिसते. कोरणी तिथे केली की दोष झाकतो आणि खूण शोभते. काचेआडची बांगडी बघताना कोन आधी शोधा, सांधा त्याच्याखाली असतो.

नळीत_वाळू

छान प्रतिसाद. एक भर : शेंड्याला भोक असलेला प्रत्येक शंख बांगडीकामाचा नसतो. फुंकायच्या शंखाचाही शेंडा काढतात. पण त्याची कड घासून गुळगुळीत केलेली असते आणि आतले पडदे शाबूत असतात, कारण हवा त्या वळणांमधूनच जायला हवी. पडदे मोडले तर शंख वाजणार नाही. तुकडा उजेडासमोर धरा आणि आत बघा, पाच सेकंदांचं काम आहे. नोंदवहीत मात्र दोन्ही 'छिद्रित शंख' म्हणून एकाच रकान्यात बसलेले असतात.

खुबेवाली

जातींबद्दल. टर्बिनेला सोडून आणखी चार-पाच शंखशिंपले या कामात होते आणि तुकड्यांत गोंधळ तिथेच होतो.

टर्बिनेलाच्या खांबावर तीन-चार ठळक घड्या असतात, दोरीला पीळ द्यावा तशा. खांबाचा नखाएवढा तुकडा असला तरी घड्या मोजता येतात. अंग घट्ट, पांढरंशुभ्र, बाहेरून काटे नाहीत. 'चिकोरियस रॅमोसस'ला फांद्यांसारखे काटे असतात, त्याच्या मोठ्या पोकळ वेढ्यातून पळ्या करायचे. नागेश्वरला पळ्यांचं काम बरंच होतं. बांगडीसाठी तो गैरसोयीचा, कारण काट्यांच्या रांगांमुळे भिंत एकसारखी जाड नसते. 'लॅम्बिस' म्हणजे बोटं फुटलेला मोठा शंख. 'प्ल्युरोप्लोका ट्रॅपेझियम' (जुन्या लिखाणात फॅसिओलॅरिया) आतून तांबूस रेघांचा असतो.

वेगळं प्रकरण 'टिवेला डॅमॉयडिस'चं. हा शंख नाही, दोन झडपांचा शिंपला आहे, आपल्या तिसऱ्यांच्याच जातकुळीतला पण जाड. कराचीच्या पश्चिमेला सोनमियानीच्या खाडीजवळ बलाकोट आहे. जॉर्ज डेल्स यांनी १९७३ पासून ते खणलं. तिथे या शिंपल्याच्या बांगड्या केल्या जात. करवत लागत नाही. झडपेच्या मध्यावर ठोकून भोक पाडायचं, कडेपर्यंत टिचवत न्यायचं आणि घासायचं. एका झडपेची एकच बांगडी. ओळख अशी की कड्यावर एका जागी बिजागरीचा उंचवटा राहतो, त्यावर दातांची खूण असते. शंखाच्या बांगडीत सांधा असतो, शिंपल्याच्या बांगडीत बिजागरी. ही खूण नसलेला लहान तुकडा मिळाला तर कापलेल्या बाजूवर वाढीच्या रेषा बघा. शंखात त्या काठाला तिरक्या आडव्या जातात, शिंपल्यात कड्याच्या गोलाईबरोबर फिरतात.

आणि ते देवघरातल्या उजव्या शंखाचं. टर्बिनेला नेहमी एकाच दिशेने वळतो, उलटा वळलेला अतिशय विरळा. म्हणून त्याला सोन्याचा भाव. बाजारात 'दक्षिणावर्ती' म्हणून जे ढिगाने मिळतात, ते बहुतेक अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे 'बुसिकॉन' गटातले असतात. त्यांचं वळण जन्मतःच उलटं. आत बोट घालून खांब चाचपा : घड्या नसतील तर तो टर्बिनेला नव्हे. धाग्याच्या विषयाशी संबंध एवढाच, की तुलनेसाठी नमुना विकत घेणारे यातच फसतात आणि मग 'आमच्या तुकड्याला घड्या आहेत, नमुन्याला नाहीत' असं कोडं घालत बसतात.

मोडका_घास

कापण्याबद्दल शंका. तांब्याने शंख कापता येतो? शंखाची कठीणता मोह्सच्या मोजपट्टीवर ३.५ ते ४, शुद्ध तांबं जेमतेम ३. दोरी आणि वाळूनेच कापत असतील असं मला वाटतं. वाळू ७ आहे.

अर्धचंद्र

प्रश्न रास्त आहे, पण उत्तर खाचेत आहे. दोरी आणि सुट्या वाळूने कापलं की खाचेची तळरेघ बाकदार होते, तोंड रुंदावतं आणि कडा गोलसर होतात, कारण वाळू बाजूंनाही खाते. हडप्पाकालीन तुकड्यांवर खाच अरुंद आहे, तोंडापासून तळापर्यंत जवळजवळ एकाच रुंदीची, भिंतींवर समांतर बारीक ओरखडे. म्हणजे पातळ, दाते असलेलं, थोडं बाहेर वळलेल्या धारेचं पातं. पात्याची जाडी त्या खाचेवरून जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येते. बंगालातली शांखारींची लोखंडी करवत अर्धचंद्राकृती असते. रूप तेच, धातू वेगळा.

कठीणतेबद्दल : कांशाची धार थंडच ठोकून ठोकून आणली की मऊ तांब्याहून बरीच कडक होते. शिवाय कापताना निघणारी शंखाची पूड आणि सहाणेची रेती खाचेत असतेच. दाते ती पुढे ओढतात. त्यामुळे 'वाळू' हा तुमचा मुद्दा निम्मा बरोबर आहे. करवत वारंवार धारेला लावावी लागत असणार, यात शंका नको.

आणखी एक खूण बघा. काप आरपार एका बाजूने नेत नाहीत. शंख फिरवत दोन-तीन बाजूंनी खाच घेतात आणि शेवटचा पातळ पूल हलक्या ठोक्याने मोडतात. म्हणून कच्च्या कड्याच्या कापावर कुठेतरी बारीक फाटकी कड किंवा पायरी सापडते. खाच आणि खाच जुळल्या नाहीत की पायरी. पायऱ्या मोठ्या असतील तर हात नवखा होता, असं म्हणायचा मोह होतो. मी म्हणणार नाही, शंख वाकडा असला तरी पायरी पडतेच.

पण करवत येण्याआधीही बांगड्या होत्याच. बलुचिस्तानातल्या मेहरगढच्या नवाश्मयुगीन थरांत, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, याच शंखाची रुंद बांगडी मिळाली आहे. ती दगडी हत्यारांनी टिचवून आणि घासून केलेली. तिथे खाच शोधू नका.

गाळणी

मोजणीबद्दल कुणीच बोललं नाही अजून. 'शंखाचे तुकडे : ४१२' अशी नोंद असेल तर ती फारशी कामाची नाही. एक शंख फुटून दोन तुकडे होतील किंवा वीस. मोजायचा तो असा भाग, जो एका शंखात एकदाच असतो : शेंडा किंवा नळीचं टोक. शेंडे २५ आणि नळ्या ३१, तर कमीत कमी ३१ शंख. दोन झडपांच्या शिंपल्यात डाव्या आणि उजव्या बिजागऱ्या वेगळ्या मोजायच्या आणि मोठा आकडा घ्यायचा. वजनही लिहा, पण ते एकट्यावर सोडू नका. जमिनीत पडलेला शिंपला झिजून हलका होतो, आणि खारट मातीतला मीठ धरून जड.

चाळणी पाच मिलिमीटरची लावली तर मणी, कापताना उडालेल्या कपच्या आणि लहान शिंपले सगळे ढिगाऱ्यात गेले समजा. कार्यशाळेच्या जागी किमान दोन मिलिमीटरची, आणि जिथे घासकाम झालं असेल त्या जागेची माती थोडी वेगळी बांधून ठेवावी. घासलेली पूड डोळ्यांना चुन्यासारखी दिसते. फरशीवर पांढरा पट्टा आढळला आणि खणणाऱ्याने 'चुन्याचा लेप' लिहिलं की घासायची जागा गेली.

चर_क्रमांक_तीन

हे पूडवालं महत्त्वाचं. पण लिंबू पिळून बघितलं तर चुना आणि शंखपूड दोन्ही फसफसणार, मग फरक कसा करायचा?

कार्बन_चौदा

फसफसण्याने काही ठरत नाही, बरोबर. शंखाचं कॅल्शियम कार्बोनेट अ‍ॅरागोनाइट रूपातलं असतं. भाजून केलेला चुना परत हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो तेव्हा बहुतेक कॅल्साइट होतो. क्ष-किरण विवर्तनाने दोन्ही वेगळे दिसतात. विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात हे यंत्र बहुधा असतं, चिमूटभर पूड पुरते. कालवांचं कवच मुळातच बहुतांशी कॅल्साइटचं असतं, तेवढा अपवाद ध्यानात ठेवा.

याच चाचणीचा दुसरा उपयोग कालमापनाला, म्हणजे कार्बन-१४ किती उरलाय त्यावरून वय काढायला. टर्बिनेलात कॅल्साइट दिसलं तर तो एकतर भाजलेला आहे किंवा जमिनीतल्या पाण्याने त्याचं पुन्हा स्फटिकीकरण झालंय. म्हणजे बाहेरचा कार्बन आत शिरला. त्याची तारीख काढू नका. चांगला तुकडा निवडला तरी वरचा थर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने खाऊन घालवावा, साधारण २० ते ३० टक्के वजन जाईपर्यंत. वजनाने कार्बोनेटचा फक्त १२ टक्के कार्बन असतो. म्हणजे दहा मिलिग्रॅम नमुन्यात १.२ मिलिग्रॅम. कार्बन-१४ चे अणू थेट मोजणाऱ्या त्वरक यंत्राला तेवढा पुरतो, त्यासाठी अख्खी बांगडी फोडायची गरज नाही. कच्च्या कड्याचा किंवा नळीचा तुकडा द्या.

आता मुख्य घोळ. समुद्राच्या पाण्यात जुना कार्बन मिसळलेला असतो, त्यामुळे जिवंत शंखाचंही वय शेकडो वर्षं 'जुनं' निघतं. सरासरी फरक ४०० ते ५५० वर्षं, कोणता सागरी वक्र (मोजलेलं कार्बन-वय खऱ्या वर्षांत बदलायचा आलेख) वापरता त्यावर. त्यात स्थानिक फरकाची दुरुस्ती घालावी लागते, आणि ती त्याच वक्राशी जोडलेली असते. जुन्या वक्रासाठी काढलेली स्थानिक दुरुस्ती नव्या वक्राला लावणं ही इतकी सर्रास चूक आहे की अहवालात वक्राचं नाव नसेल तर आकडा वाचू नये.

हडप्पाच्या बाबतीत आणखी एक पेच : शंख मेला कधी आणि कापला कधी? किनाऱ्यावर वाहून आलेला मेलेला शंख जुना असू शकतो. त्यावर उपाय 'खुबेवाली' सांगतील.

खुबेवाली

सांगते. मेलेला शंख समुद्राच्या तळाशी पडून राहिला की त्यात भोक पाडणारे स्पंज आणि किडे घर करतात. कवचाला टाचणीएवढी असंख्य छिद्रं पडतात, आतून मधाच्या पोळ्यासारखं होतं, चमक जाऊन खडूसारखा पृष्ठभाग येतो. असा शंख कापताना चुरतो, कारागीर तो सहसा घेत नाही. म्हणून ढिगात किडका शंख किती प्रमाणात आहे ते नोंदवा. किडके कमी, म्हणजे शंख जिवंत काढलेले. किडके बाजूला टाकलेले आणि फक्त शेंड्याला एक घाव, म्हणजे कारागिराने फोडून बघितलं आणि नाकारलं. असे तुकडे आवर्जून वेगळे ठेवा. कालमापनालाही न किडलेलाच तुकडा द्यावा.

दोन_सहा

मापांबद्दल लिहितो, कारण तुकड्यावरून बांगडीचा व्यास काढताना सगळे कंपास घेऊन बसतात आणि चुकतात.

आतल्या कडेचे दोन बिंदू घ्या. त्यांतलं सरळ अंतर म्हणजे जीवा. जीवेच्या मध्यापासून कडेपर्यंतची उंची म्हणजे बाण. त्रिज्या = जीवेचा वर्ग भागिले बाणाची आठपट, अधिक अर्धा बाण. जीवा ४० मि.मी. आणि बाण ७.६ असेल तर त्रिज्या ३०.१, व्यास ६०.२. बांगडीवाल्याच्या भाषेत दोन-सहा, कारण दोन पूर्णांक सहा सोळांश इंच म्हणजे ६०.३ मि.मी.

आता बाण मोजताना अर्ध्या मिलिमीटरची चूक करा. ७.१ धरला तर व्यास ६३.४, म्हणजे दोन-आठ. ८.१ धरला तर ५७.५, म्हणजे दोन-चार. अर्ध्या मिलिमीटरने बांगडी एक नंबर वर नाहीतर एक नंबर खाली! ४० मि.मी.पेक्षा लहान तुकड्याचा व्यास छापूच नये, छापला तर पल्ल्यासकट छापावा. दुसरं, शंखाचा वेढा शुद्ध वर्तुळ नाही, सांध्याजवळ तो सरळ होत जातो. सांध्याला धरून मोजलं तर व्यास फुगतो. कोरलेल्या कोनापासून लांबचा भाग घ्या.

'लहान व्यास म्हणजे मुलीची बांगडी' हे वाक्यही जपून लिहा. अर्धचंद्र यांनी वर सांगितलंय, एकाच शंखातून लहानमोठी कडी निघतात. हडप्पाच्या दफनांत प्रौढ स्त्रियांच्या डाव्या हातात शंखाच्या बांगड्या मिळाल्यात. तिथे हाडांवरून वय ठरतं, बांगडीच्या मापावरून नाही.

मोडका_घास

दोन_सहा, सूत्र वहीत उतरवलं. करवतीबद्दलही पटलं, दोरी मागे घेतो.

तेरचा_मणी

महाराष्ट्रापुरतं. दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांत शंखाच्या वस्तू मिळतात, पण कच्छसारखा कचरा नाही. घोड नदीकाठचं इनामगाव (शिरूर तालुका, डेक्कन कॉलेजचं उत्खनन, १९६८ ते १९८३) घ्या. तिथे वाचन 'तयार माल आला' याच दिशेने जातं. सातवाहन काळात चित्र बदलतं. तेर, भोकरदन, नेवासे इथे शंखाच्या बांगड्या भरपूर, आणि कोरीव काम कोनापुरतं न राहता अंगभर. हडप्पाचा एकटा कोन बघून तारीख टाकायची सवय इथे उपयोगी नाही.

नदीकाठच्या वस्त्यांत जे शिंपले ढिगाने निघतात ते गोड्या पाण्यातले 'लॅमेलिडेन्स' आणि 'पॅरेसिया'. आतून मोत्यासारखी चमक असेल आणि पातळ पापुद्रे सुटत असतील तर तो समुद्राचा नव्हे. त्यावरून 'कोकणाशी व्यापार' लिहू नये.

नागपूरकडच्या वाचकांसाठी : बेसॉल्टच्या थरांमधल्या गाळखडकात 'फायसा' नावाच्या गोगलगायीचे जीवाश्म मिळतात, टाकळीचे प्रसिद्ध आहेत. ते कोट्यवधी वर्षांपूर्वीचे. नांगरात आले की कुणीतरी 'प्राचीन मानवाचं अन्न' म्हणून फोटो टाकतोच.

दर्याफिरस्ता

कोकणात खाडीकाठी शिंपल्यांचे ढीग दिसतात. ते सगळे प्राचीन उकिरडे समजायचे का?

गाळणी

अजिबात नाही. तीन गोष्टी सारख्या दिसतात.

वादळाने किंवा जुन्या किनाऱ्याने साचवलेला थर : त्यात पिल्लांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्या मापाचे शिंपले, खायच्या न खायच्या सगळ्या जाती, कडा पाण्याने घासलेल्या, बऱ्याच झडपा जोडीने. माणसाचा उकिरडा : माप निवडलेलं, खाण्याजोग्या दोन-चार जातीच जास्त, मध्ये राख, कोळसा, माशाचे काटे, खापरं, आणि कडा धारदार. तिसरा ढीग चुनाभट्टीचा, कोकणात याच फार. एकाच जातीचा, बहुधा कालवं नाहीतर तिसऱ्या, बरेचसे भाजून भुसभुशीत झालेले, सोबत भट्टीच्या विटा आणि जळकट. तो शेदोनशे वर्षांचाही असू शकतो.

आजच्या गोळा करण्याच्या पद्धतीही बघाव्यात. डेक्कन कॉलेजच्या आरती देशपांडे-मुखर्जी यांनी कोकण किनाऱ्यावर शिंपले वेचणाऱ्या बायकांच्या कामाचा अभ्यास केलाय. कुठली जात चिखलातून हाताने निघते, कुठली खडकावरून टोचून काढावी लागते, हे कळलं की ढिगातल्या जातींवरून माणसं कुठल्या किनाऱ्यावर उतरत होती ते सांगता येतं. कालवं जास्त म्हणजे खडक, खुबे आणि तिसऱ्या जास्त म्हणजे चिखल-वाळू.

छिद्रान्वेषी

मण्यांवर एक भर, नाव सार्थ करण्यापुरती. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेत 'नॅसॅरियस' जातीच्या इवल्या शंखांचे सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीचे मणी आहेत. मोरोक्कोतल्या बिझमून गुहेतले तर १,४०,००० वर्षांच्याही आधीचे. तिथेही आणि आपल्याकडेही पहिला प्रश्न एकच : भोक माणसाचं की मांसाहारी गोगलगायीचं?

'नॅटिका' गटातली गोगलगाय भोक पाडते ते वरून रुंद, आत निमुळतं, वाटीसारखं आणि अगदी गोल. 'म्युरेक्स' गटातलीचं भोक सरळ नळीसारखं. माणसाने टोचलेलं भोक वेडंवाकडं, आतल्या बाजूने कपचा उडालेला, आणि दोऱ्याने ओढून ओढून एका कडेला चमक आलेली. पण ही पुरी पडणारी कसोटी नव्हे. गोगलगायीने पाडलेलं भोक माणसाने आयतं वापरलं असेल तर गोल भोकालाही दोऱ्याची चमक येते. म्हणून 'भोक कुणाचं' आणि 'दोरा होता का' हे दोन रकाने वेगळे ठेवा.

चाळीसगावजवळच्या पाटणे इथले सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे मणी या यादीत घालू नका. ते शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे आहेत. भिंगाखाली श्वासाची बारीक छिद्रं दिसतात, जाडी सगळीकडे सारखी, वाढीच्या रेषा नाहीत. हस्तिदंत आणि हाड यांचाही घोळ होतो : हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकांना छेदणाऱ्या रेषांची जाळी, हाडात सच्छिद्रपणा, शंखात यातलं काहीच नाही, फक्त थरांच्या रेघा. फायन्सच्या (क्वार्ट्झची पूड भाजून केलेल्या, चकाकत्या लेपाच्या) बांगड्या दुरून फसवतात, मोडलेल्या कडेला दाणेदार गाभा दिसला की ओळखाव्यात.

चर_क्रमांक_तीन

सगळ्यांचे आभार. शेवटचं विचारतो : साफसफाई आणि साठवण? पोत्यांतले तुकडे पिवळट पांढऱ्या बुरशीसारख्या थराने भरलेत.

कार्बन_चौदा

ती बुरशी नसावी. लाकडी कपाट आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांतून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शंखावर क्षार फुलतात, त्याला 'बाइनचा रोग' म्हणतात. ब्रशने झटकून फायदा नाही, पृष्ठभाग खाल्ला जातोय आणि करवतीच्या खुणा आधी जातात. पोती-पुठ्ठे काढून टाका. प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात किंवा आम्लरहित कागदात, लोखंडी कपाटात ठेवा. हवा कोरडी हवी.

गाळणी

धुताना व्हिनेगर, लिंबू, टॉयलेट क्लीनर यातलं काहीही नको, खाचेच्या कडा दहा मिनिटांत गोल होतील. साधं पाणी, मऊ ब्रश, सावलीत वाळवण. समुद्रकाठच्या खारट मातीतले असतील तर भिजत घालून पाणी दोन-तीनदा बदलून मीठ उतरवा, नाहीतर वाळल्यावर मीठ फुगून थर सोलतात. मणी आणि भोकवाले शंख धुण्याआधी भिंगाखाली बघा. भोकाच्या कडेला लाल रंग अडकलेला असू शकतो आणि ब्रशचा पहिला हात फिरला की तो गेला.

आणि पोत्यावरची चिठ्ठी आत टाकू नका, झुरळं खातात. डब्यावर लिहा, आत प्लास्टिकवर पेन्सिलने लिहून दुसरी ठेवा.